प्रागहून आणलेली खसखस

फोटो उघडला आणि माझ्या हातातली बाटली सुटली. दूध फरशीवर, बाळ मांडीवर रडतंय, आणि मी तशीच फोनकडं बघत बसलेली. फोटोत आमच्या नणंदबाईंचा, केतकीचा हात, हातात किलोभराची पिशवी, पिशवीत तिकडची निळसर काळी बारीक खसखस. खाली लिहिलेलं, "वहिनी, सरप्राईज. तुझ्या डिंकाच्या लाडवांसाठी. इथं ढिगानं मिळते." त्याच्या खाली, "बोर्डिंग सुरू झालं, भेटू." मी लिहिलं, टाकून दे. एकच टिक. परत लिहिलं, आत्ताच्या आत्ता टाक. एकच टिक. विमान उडालं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. इथं अमिरातीत खसखस हा मसाला नाही. नशेचा माल आहे. दुकानात मिळत नाही, गावाहून आणायची नाही, विमानतळावर सापडली तर सरळ आत. मी ह्या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शबानाभाभींनी माझ्या पिशव्या स्वतः तपासल्या होत्या, गोडा मसाला हुंगून बघितला होता. इथं आलेल्या प्रत्येक बाईला कुणीतरी असं सांगतंच, ओट्यापाशी उभं राहून. केतकीला कुणी सांगितलं नव्हतं, कारण केतकी ओट्यापाशी कधी आलीच नव्हती. चहाचा कप ठेवायला सुद्धा नाही. कप सोफ्याखाली सापडायचे.

ह्याला चार-पाच वर्षं झाली, आता परत तेच दिवस आलेत. दुबईत अल कुसैसला आमच्या बिल्डिंगखाली कडुलिंबाची रांग आहे, पाडव्याच्या सुमाराला सगळी झाडं फुलतात, आणि वास असा येतो की डोळे मिटले तर आपण सातारच्या बाजूला कुठंतरी उभं आहोत. डोळे उघडले की पार्किंग. थंडीभर बंद असलेला एसी याच दिवसांत पहिल्यांदा लावायचा, त्यातून आधी धूळ येते, मग जुन्या सतरंजीसारखा वास, मग गार हवा. मी गुढीला डहाळी आणायला खाली जाते ती पहाटे, ओढणीत लपवून आणते, कारण झाड म्युनिसिपाल्टीचं, कॅमेरा कुठं असेल सांगता येत नाही. माझी पोरगी आता केजीत जाते. गेल्या वेळी सोबत आली तर मोठ्यानं म्हणते, "मम्मा, आर वी स्टीलिंग?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी भित्री आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालत नाही, दंड होतो म्हणतात. मेट्रोत पाण्याचा घोट घेत नाही. आमचे हे एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहेत, त्यांच्या व्हिसावर मी, त्यांच्याच व्हिसावर पोरगी. माझ्या रहिवासी कार्डावर माझा फोटो आहे, पण ते कार्ड उभं आहे त्यांच्या नोकरीवर. ज्याला पाय टेकायला स्वतःची जागा नाही त्यानं घाबरायचं नाही तर कुणी. अकरावीत शाळा सुटली माझी, इंग्रजी अक्षरं वाचता येतात पण वाक्य कळेपर्यंत पाटी मागं गेलेली असते. म्हणून मी सगळ्याच पाट्यांना घाबरते, ते बरं.

आणि ह्याच दिवसांत, कडुलिंब फुलला की, कॉलेजच्या पोरांना सुट्टी लागते आणि पाठीवर बोचकी घेऊन निघतात सगळी. मला ती बोचकी दिसली की डोकं फिरतं.

केतकी ह्यांची धाकटी बहीण. इथल्या कॉलेजात इमारतींची चित्रं काढायचं शिकायला आली, आर्किटेक्ट व्हायचं होतं तिला. आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर राहायची. मी बाळंत होऊन दोन महिने झालेले, आई येऊ शकली नव्हती, डिंकाचे लाडू मीच वळले होते, बसल्या बसल्या, खसखशीशिवाय. आणि ही एके दिवशी म्हणते, "दादा, आम्ही मुली प्रागला चाललोय. बजेट ट्रिप. बॅकपॅकिंग." हे एवढे खूश झाले की जसा काही आपण स्वतःच निघालोय. "बघ," मला म्हणाले, "आपल्या घरातलं माणूस युरोपला."

मी विचारलं, "राहणार कुठं?"

"हॉस्टेलमध्ये गं. आठ बेडची डॉर्म. मिक्स नाहीये, घाबरू नकोस, लेडीज."

"आठजणी एका खोलीत?"

"सो कोझी ना."

मला हसावं की रडावं कळेना. लग्न झाल्यावर आम्ही दोघं जुन्या दुबईत, देऱ्यात, एका फ्लॅटच्या हॉलमध्ये राहिलो, प्लायवूडचं पार्टिशन टाकून. पलीकडच्या माणसानं कूस बदलली की आमचा पलंग हलायचा. बाथरूमला रांग, रांगेत बादली ठेवून जागा धरायची, आणि तेल कुणाचं संपलं यावरून भांडणं. चौघांच्या भाज्या एका फ्रीजमध्ये, डब्यांवर नावं चिकटवलेली, तरी वांगी जायची. त्याला बेडस्पेस म्हणतात इथं. त्यातून बाहेर पडलो तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती. आणि ही पोरगी तीन देश ओलांडून तेच विकत घ्यायला निघालेली, वर ट्रॉली परवडते तरी पाठीवर बोचकं, कारण ट्रॉली टुरिस्ट लोक नेतात म्हणे, हे लोक ट्रॅव्हलर. मी म्हणलं, "मग आम्ही इतकी वर्षं काय होतो गं, हमाल?" ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

तिकडून रोज फोटो. थंडीनं नाक लाल झालेलं, तोंडात कोरडा पाव. "वहिनी, लंच. फक्त पाव आणि चीज, दहा दिरहॅममध्ये दिवस काढला." दहा दिरहॅम म्हणजे अडीचशे रुपयाच्या आत, हे मला ती मोठ्या अभिमानानं सांगायची, आणि इथं तिच्यासाठी केलेला भात कोरडा झाला की तेच तोंड वाकडं व्हायचं. एक फोटो जुन्या दगडी पुलाचा. पुलावर दोन्ही बाजूनं संतांचे पुतळे, काळे ठिक्कर पडलेले, त्यातल्या एकाच्या पायथ्याला हात लावून लावून लोकांनी तेवढा भाग पिवळा केलेला. हात लावला की परत यायला मिळतं म्हणे. आमच्याकडं दगडाला हात लावला तर अडाणी. एक व्हिडिओ घड्याळाचा. मोठं जुनं घड्याळ, तासाला दार उघडतं, बाहुल्या फिरतात, खाली हजारभर माणूस माना वर करून फोन धरून उभं. संपलं की सगळे आपापल्या वाटेनं. वेळ बघायला एवढं लांब गेली, कॉलेजला मात्र रोज लेट.

आणि चित्रं. ती मान्य करते मी, हात चांगला होता तिचा. तारेच्या बायंडिंगची जाड वही होती, ऑगस्टपासून त्यात काढत होती. बर दुबई भागातली जुनी मातीची घरं, घरात वारा ओढणारे मनोरे, खाडीवरच्या लाकडी नावा. एक चित्र माझ्या खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीचं पण होतं, मला न विचारता काढलेलं. प्रागला जायचं खरं कारण तीच वही. तिच्या सरांनी सांगितलं होतं, जुन्या शहराची चित्रं हातानं काढून वही पूर्ण कर, सुट्टी संपली की जमा कर, त्यावरून दोघांना पुढच्या वर्षासाठी परदेशातल्या कॉलेजला पाठवणार होते. केतकीचं नाव जवळजवळ ठरलेलं. रोज रात्री त्या खोलीतल्या खाटेवर बसून ती काढायची आणि मला पानं पाठवायची. "वहिनी, हे कसं वाटतं?" मी लिहायची, छान. सगळ्याला छानच लिहायची. दगडावर दगड, खिडकीवर खिडकी, माणूस एक नाही. त्यात काय बघायचं असतं मला कधी कळलं नाही.

असो. तर एकच टिक, आणि मी बाळाला खांद्यावर टाकून शबानाभाभींच्या दारात.

शबानाभाभी श्रीवर्धनच्या. त्यांचा नवरा मासळीच्या धंद्यात, इथं वीस-पंचवीस वर्षं काढलेली. मी फोटो दाखवला. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पालथा करून ठेवला, जसा काही फोटोच पकडला जाईल.

"कुठे उतरणार ती?"

"मधे इस्तंबूल. तिथून दुबई."

"सामान?"

"एकच बॅग. पाठीवरची. सस्तं तिकीट आहे, मोठी बॅग नेता येत नाही."

"मग बरं झालं. बॅग हातात आहे तिच्या. इस्तंबूलला टाकायला सांग. आणि सुवर्णा, नाम नको लिहूस. फोनवर ते नाम लिहायचं नाय."

"झटकून आणली तर?"

"झटकून होत नाय गं. आमच्या मामूंच्या गावचा एक पोरगा. बुटाच्या खाली दाणे लागलेले. बुटाच्या खाली. दुसऱ्याच्या घरी चालला असेल त्याच्यावरून. काय काय नाय झालं त्याला." मग बाळाकडं बघून म्हणाल्या, "इन्शाल्ला काय नाय होणार. पण दाणा चालत नाय."

मी ह्यांना फोन केला. साईटवर होते, मागं ड्रिलचा आवाज. "तुला सगळ्याचीच भीती," म्हणाले. "परवा गुढी दुपारी बारालाच उतरवलीस. खायची वस्तू आहे, कोण बघतंय. मी इथनं सरळ एअरपोर्टला जातोय, ठेव." आणि ठेवला. हा माणूस शिकलेला आहे. डिप्लोमा आहे.

मग मी बाथरूममध्ये जाऊन बसले, बोललेलं भिंतीपलीकडं जाऊ नये म्हणून नळ सोडला, बाळाला मांडीवर घेतलं आणि वाट बघितली. इथून इंटरनेटवरचा फोन लागत नाही, आणि तिच्याकडं रोमिंग नव्हतं, पैसे वाचवायला घेतलंच नव्हतं. इस्तंबूलला मशीनवर पासपोर्ट ठेवला की थोडा वेळ फुकट नेट मिळतं, जाताना तिनंच सांगितलं होतं. ती ते घेईल का, घेतलं तर आधी माझे मेसेज बघेल का फोटो टाकेल, काही माहीत नाही. बाळ झोपलं. बादली भरून वाहायला लागली. माझे पाय बधिर झाले. आणि एकदम सगळे टिक दोन झाले, मग निळे.

"वहिनी काय झालं? एवढे मेसेज?"

मी कुजबुजत रेकॉर्ड करून पाठवलं, "ती वस्तू टाक."

"कुठली वस्तू?"

"जिचा फोटो टाकलास ती."

"अगं ती? वहिनी, चिल. ती बेकरीत मिळते. इथं केकवर टाकतात."

"दुबईत जेलमध्ये टाकतात."

मग तिचा आवाज, हसू गेलेलं. तिनं तिथल्या कुणाला तरी विचारलं असणार. "ओके. टाकते. पण एक प्रॉब्लेम आहे. पिशवी फुटलीये. बॅगेत सगळीकडं झालंय. झटकते नीट."

मला बुटाखालचे दाणे दिसायला लागले. मी म्हणलं, "बॅगच टाक. कपडे, मोजे, अंगातलं जॅकेट, सगळं. पासपोर्ट आणि फोन ठेव. डोकं धू, नखं धू."

तिनं ऐकलं, मला वाटलं नव्हतं पण ऐकलं. म्हणाली, "बरं. वही काढून घेते फक्त."

"वहीत गेलेत का?"

"तारेत अडकलेत थोडे. पानांच्या मधे पण. मी एकेक पान पुसते, वहिनी. वेळ आहे अजून."

"वही पण."

"वही नाही."

"केतकी."

"वहिनी, वही नाही. तुला माहीते त्यात काय आहे. ती कशी टाकू? तुला तुझं बाळ टाक म्हणलं तर टाकशील?"

दोन महिन्यांचं माझं बाळ, नळाखाली ओल्या फरशीवर मी ते घेऊन बसलेली, आणि ही दगडाच्या चित्रांची त्याच्याशी तुलना करतेय. मला जो संताप आला ना. तिच्या पावाचा, तिच्या आठ खाटांचा, बोचक्याचा, सगळ्याचा एकदम. गरिबी गरिबी खेळायला गेलेली आणि येताना आमचं घर घेऊन जाणार. ती आत गेली तर भाऊ गेला, भावाची नोकरी, आमचा व्हिसा. मी समजावून सांगितलं असतं तर तिनं वाद घातला असता, वादात ती माझ्यापुढं कधी हरलेली नाही. म्हणून मी म्हणलं, "तुझ्या दादाला न्यायला पोलीस आलेत. खाली उभे आहेत. त्यांनी फोटो बघितलाय. तू वही घेऊन उतरलीस तर दादा सुटायचा नाही."

निळे टिक. काही लिहीत असल्याचं दिसलं, बंद झालं. परत दिसलं, बंद झालं. मग आलं, "टाकली."

मला घरी बसवेना. बाळाला गुंडाळून टॅक्सी केली, टॅक्सीवाला पेशावरचा, सारखा आरशात बघून विचारत होता, "बाजी, तबियत ठीक है?" एअरपोर्टवर हे रेलिंगला टेकून शोरमा खात उभे. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस बाळाला घेऊन?"

ती बाहेर आली. तिला कुणी थांबवलं नाही. कस्टमच्या हिरव्या लाईनमधून सरळ, कुणी बॅग उघडायला सांगितली नाही, बॅगच नव्हती. अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, पायात विमानतळावर घेतलेल्या पातळ सपाता, केस ओले, चिकटलेले. हातात पासपोर्ट. मागून ढीगभर लोक बाहेर येत होते, गाठोडी, खोके, कुणी बघत नव्हतं त्यांच्याकडं पण. तिनं भावाला बघितलं आणि पळत येऊन गळ्यात पडली. हुंदके देत म्हणाली, "सोडलं तुला?"

"कुणी?" हे म्हणाले, तोंडात घास.

ती मागं झाली. ह्यांच्याकडं बघितलं, हातातल्या शोरम्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. घरापर्यंत टॅक्सीत पुढं बसली, खिडकीकडं तोंड करून, आणि इमारती एकामागून एक जात राहिल्या, ज्या इमारतींची चित्रं काढायला ती ह्या देशात आली होती.

सरांनी तिला वेळ वाढवून दिला नाही. कसा देणार, वर्षभराचं काम आठवड्यात कुठून आणणार. दुसरीच दोघं गेली. केतकीनं इथंच शिक्षण पुरं केलं आणि अल बर्शाला मैत्रिणींसोबत खोली घेतली. आता जुमेरा लेक टॉवर्सला एका ऑफिसात आहे, कॉम्प्युटरवर मॉलच्या बाथरूमचे नकाशे करते. पगार ह्यांच्यापेक्षा जास्त. दरवर्षी पाडव्याला येते, जेवते, पोरीला खेळणं आणते. माझ्याशी हो आणि नाही एवढंच.

हे मला अधूनमधून म्हणतात, "वाईट झालं गं तिचं." म्हणायला काय जातंय. त्यांनी एक बोट उचललं नव्हतं त्या दिवशी. शबानाभाभी म्हणतात, खलास, झालं ते बरं झालं. आणि बाकी लोक, शिकलेले, ह्यांच्या मित्रांच्या बायका, ऐकून हसतात. "अय्या, एवढ्याशा खसखशीसाठी? डिक्लेअर करायचं ना." डिक्लेअर. ह्या बायकांना रेतीत चालताना सुद्धा कधी पाय भाजलेला नसतो.

यंदा पाडव्याला केतकी आली तेव्हा माझी पोरगी रंगपेटी घेऊन तिच्या मांडीवर चढली. "आत्या, कॅन यू ड्रॉ अ कॅसल?" केतकी म्हणाली, "नो बेटा, आय डोन्ट ड्रॉ." पोरगी म्हणाली, "बट एव्हरीबडी कॅन ड्रॉ." केतकीनं तिला खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात आली, ओट्यापाशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पुऱ्या तळत होते.

"वहिनी, एक विचारू?"

"विचार."

"वही पुसून चालली असती ना?"

"एक दाणा राहिला असता तर?"

"नसता राहिला. माझ्याकडं वेळ होता. मी एकेक पान बघितलं असतं."

"तुला काय माहीत राहिला नसता ते."

"तुला तरी काय माहीत राहिला असता ते."

पुरी फुगली, मी उलटली. ती तशीच उभी. मला खरंच माहीत नाही, तेव्हाही नव्हतं, आणि माहीत नसताना मी त्या दगडांपेक्षा माझं घर धरलं. ती श्रीखंडाचं पातेलं उचलून बाहेर गेली.

तुम्ही पुस्तकं वाचणारी माणसं, तुम्ही मला खोटारडी म्हणणार, अडाणी म्हणणार, म्हणा. पण फोन तुमच्या हातात आहे, वस्तूचं नाव घ्यायचं नाही, नवरा ऐकून न घेता फोन ठेवतो, मांडीवर दोन महिन्यांचं लेकरू, आणि पलीकडून पोरगी रडून सांगतेय की मी एकेक पान पुसते, वहिनी, वेळ आहे अजून. सांगा, तुम्ही वही ठेवू दिली असती?